दिग्रस ते बडोदे : परदेशातल्या मैत्रीची कसोटी

आमचे दिग्रस धावंडा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. दारव्हा, पुसद, आर्णी, मानोरा या चारी बाजूंच्या वाटा येथे येऊन मिळतात. कापसाचा हंगाम सरला की आमच्या वस्तीतली तरुण मुले कामासाठी बाहेर पडतात. पूर्वी ती मुंबई-पुण्यापर्यंत जात. आता कोणी दुबईला वायरमन आहे, कोणी कतारमध्ये ड्रायव्हर आहे, आणि एखादा हुशार मुलगा राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या बळावर थेट इंग्लंडच्या विद्यापीठात शिकतो आहे.

अशाच एका मुलाच्या आईने मला विचारले, "भाऊ, पोरगं तिकडं मोठ्या साहेबाच्या पोराईसंगं एका ताटात जेवते म्हन्ते. थे पोरं गावाकडं आल्यावर येतीन काय आपल्या घरी?" बाई निरक्षर, पण प्रश्न असा की भल्या पदवीधराने विचारात पडावे. वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर ज्याला हवे असेल त्याने एकदा बडोद्याला जाऊन यावे.

दिग्रसहून एस.टी.ने दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूर आणि पुढे अकोला गाठायचे. तेथून रेल्वेने भुसावळ, जळगाव, नंदुरबार, सुरत असे करीत बडोदे येते. गेल्या सप्टेंबरात आम्ही चार कुटुंबे भाकरी-ठेचा बांधून निघालो होतो. बडोदे स्टेशनवरून सयाजीबाग जवळच आहे. जुनी माणसे तिला कमाटीबाग म्हणतात. दारासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे, त्याला 'काळा घोडा' म्हणतात. आत प्राणिसंग्रहालय आहे, वस्तुसंग्रहालय आहे, मुलांची छोटी रेल्वे आहे. आमची मुले तिकडे धावली. मोठी माणसे मात्र संकल्पभूमीकडे वळली. दर २३ सप्टेंबरला तेथे दूरदूरचे बांधव वंदनेला जमतात.

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला गेले ते महाराज सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड मिळत. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांच्या खोलीत नवल भथेना नावाचा पारशी तरुण राहत असे. एक सुभेदाराचा मुलगा, महार जातीत जन्मलेला, तर दुसरा मुंबईच्या व्यापारी समाजातला. मुंबईत ही दोन मुले एका छताखाली राहिली असती काय? परदेशात ती राहिली. तेथे दोघेही परकेच होते, आणि परक्या मुलखात आपल्या देशाचा माणूस दिसला की त्याची जात विचारायचे भान कोणाला राहत नाही.

पण भान विसरणे वेगळे आणि भेद टाकून देणे वेगळे. हे बाबासाहेबांना १९१७ साली याच बडोद्यात कळले. शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे नोकरीसाठी ते येथे उतरले, तेव्हा राहायचे कोठे हा पहिला प्रश्न होता. अमेरिकेत शिकायला आलेले त्यांचे काही मित्र त्यावेळी बडोद्यातच होते. परंतु त्यांच्या दारी गेलो तर ते घरात घेतील की संकोचतील, याची त्यांना खात्री वाटेना. शेवटी पारशी नाव लावून ते पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मावून गेला.

त्यांनी दोन मित्रांना विचारून पाहिले. हिंदू मित्राला वाईट वाटले, पण तो म्हणाला की तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, बायको उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. मग रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंत पाच तास या बागेत बसून काढण्यावाचून गत्यंतर उरले नाही. हे सारे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत लिहून ठेवले आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ती पुस्तिका छापली.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. काठ्या घेऊन आले ते पारशी आणि नवल भथेनाही पारशीच. १९२० साली बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक आणि राजर्षी शाहू महाराजांची मदत पुरेना. पाच हजार रुपये कर्जाऊ दिले ते याच भथेनांनी. त्या काळी पाच हजार म्हणजे लहान रक्कम नव्हे. ज्या शिक्षणासाठी ते पैसे गेले, त्यातूनच रुपयाच्या प्रश्नावरचा जगप्रसिद्ध ग्रंथ १९२३ साली बाहेर आला. म्हणून माणूस कोणत्या समाजाचा, यावरून मैत्री मोजू नये. अडचणीच्या दिवशी तो काय करतो, यावरून मोजावी.

आजही चित्र फार बदललेले नाही. अमेरिकेतील सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घालावी लागली. म्हणजे आपली माणसे सातासमुद्रापार गेली ती सामानात जात भरूनच! आखातात तर आणखी एक भिंत असते. मजूर कॅम्पमध्ये राहतो, इंजिनियर फ्लॅटमध्ये. सुट्टीच्या दिवशी क्रिकेटच्या मैदानावर दोघे भेटतात, हसतात, फोटो काढतात. फोटोत भिंत दिसत नाही.

म्हणून बाहेर गेलेल्या आपल्या मुलांना माझे सांगणे आहे. मैत्री जरूर करा, मन मोकळे ठेवा, आधीच संशय धरू नका. पण आपले नाव, आपले गाव, आपली वस्ती लपवून मैत्री करू नका. खोटे नाव लावून मिळालेल्या खोलीत अकरा दिवसच राहता आले, हे ध्यानात असू द्या. मित्राला सुट्टीत आग्रहाने घरी बोलवा. तो आला तर चुलीजवळ पाट मांडा, नाही आला तर आपण काय ते समजून घ्यावे.

आणि जो तिकडे साहेब झाला त्याने कॅम्पमधल्या आपल्याच भावाला फ्लॅटवर जेवायला बोलवावे. हा नियम दुसऱ्यांना लावायचा तर आधी आपण पाळला पाहिजे.