एसी थंडी कुठून आणतो?

मार्च महिना, सकाळची शाळा. चौथीच्या वर्गात हवेबद्दल बोलणं चालू होतं. एका मुलीने विचारलं, "मॅडम, एसी थंडी कुठून आणतो?" मी पटकन सांगून टाकलं, "त्यात गॅस असतो, तो थंड हवा तयार करतो."

मागच्या बाकावरून आवाज आला, "नाही मॅडम, तो गरमी बाहेर टाकतो." मी त्याला "मध्ये बोलू नकोस" म्हणून गप्प केलं. वाचनात मागे असलेला, एरवी तोंडही न उघडणारा मुलगा. त्याचे वडील फ्रिज-एसी दुरुस्त करतात.

घरी आल्यावर सहज फ्रिजच्या बाजूला हात लागला. चांगलाच गरम! मग वाचत बसले आणि कळलं, चूक माझीच होती.

थंडी अशी तयार होतच नाही. खोलीतली उष्णता बाहेर गेली की खोली थंड होते. पण पाणी जसं आपोआप उताराकडेच वाहतं, तशी उष्णताही गरमाकडून थंडाकडेच जाते. विहिरीतलं पाणी वर काढायला मोटार लागते, तशीच खोलीतली उष्णता बाहेरच्या ४२ अंशांत ढकलायलाही. म्हणूनच या यंत्राला हीट पंप म्हणतात. एसी आणि फ्रिज ही त्याचीच रूपं.

आतल्या नळ्यांत कमी दाबाखाली एक द्रव उकळतो आणि खोलीतली उष्णता शोषून वायू होतो. कंप्रेसर तो वायू दाबतो, तेव्हा तो बाहेरच्या हवेपेक्षाही गरम होतो. बाहेरच्या डब्यात उष्णता सोडून तो पुन्हा द्रव बनतो. अरुंद वाटेतून जाताना दाब कमी होतो, द्रव गार पडतो आणि परत आत येतो. थंड देशांत हेच चक्र उलटं फिरवून घर गरम करतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात आधी सांगितलं, "काल मी चुकले, तो बरोबर होता." मग मुलांच्या हातावर सॅनिटायझरचा थेंब टाकून फुंकर मारायला लावली. गार लागलं! सायकलच्या पंपात हवा भरली, तर पंपाचं टोक गरम झालं. फळ्यावर आकृती मात्र त्यानेच काढली. वर म्हणाला, "गॅस संपत नाही मॅडम, लीक झाला तरच भरावा लागतो." वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आता तो रोज हात वर करतो. वाचनासाठीसुद्धा.

पालकांनो, आज मुलांना फ्रिजच्या बाजूला हात लावायला सांगा. आणि ती काय म्हणतात, ते आधी ऐकून घ्या.