जुन्या बर्फावरची टिपणं

ऑस्लोची एक नंबरची मेट्रो शहर सोडून डोंगर चढायला लागते आणि फ्रोग्नरसेतेरेनला, साधारण ४७० मीटर उंचीवर संपते. मार्चमधल्या रविवारी या गाडीत स्की उभ्या धरलेली माणसं दाटीवाटीने असतात. सहा वर्षांची पोरं, कॉलेजातली मुलं, सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई. स्टेशनाबाहेर आलं की समोर नूरमार्काचं जंगल. वाटांवरचा बर्फ यंत्राने दाबून त्यात जोडखाचा पाडून ठेवलेल्या असतात. तिकीट नाही, फाटक नाही. १८८३ साली स्थापन झालेली स्कीफोरेनिंगेन ही संस्था या वाटा राखते. नॉर्वेच्या पदकांचा उगम शोधायचा झाला तर मी आधी या स्टेशनाच्या दाराशी शोधीन.

*

डिसेंबर-जानेवारीत इथे दुपारी साडेतीनलाच अंधारायला लागतं. लोक कामावरून येऊन दिव्यांच्या वाटांवर स्की करतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ इतका कोरडा होतो की स्की पुढे सरकायला नाखूश असते. फेब्रुवारी सरता सरता सगळं पालटतं. दिवस रोज पाच-साडेपाच मिनिटांनी वाढतो. मोठ्या डोंगरांवर बर्फाचा थर बहुधा याच सुमाराला, मार्च-एप्रिलमध्ये, सर्वांत जाड असतो. म्हणजे ऊन वसंताचं आणि बर्फ अख्ख्या हिवाळ्याचा. लांब पल्ल्याच्या सरावाला याहून चांगले दिवस नाहीत.

*

जुना बर्फ मुठीत घेऊन बघावा. ताज्या हिमकणांना टोकं असतात, ती एकमेकांत अडकतात. दिवसा वितळायचं आणि रात्री गोठायचं असा क्रम सुरू झाला की टोकं झिजतात, कण गोल आणि मोठे होत जातात. मार्चअखेरीस बोटांतून ओघळतात ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दाणे. पहाटे हेच दाणे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि त्यांचं कडक कवच तयार होतं. त्यावर माणूस बुडत नाही. मग खाचांची गरजच उरत नाही. गोठलेलं तळं, दलदल, झुडपं, जिथून मनात येईल तिथून सरळ जावं. अकराच्या सुमारास वरचा बोटभर थर सैल होतो, आणि दुपारी त्याच जागी गुडघ्यापर्यंत पाय जातो. म्हणून या दिवसांत पहाटे पाचचा गजर लावायला मला कधीच जड जात नाही.

*

मेणाबद्दल. क्लासिक पद्धतीची स्की कमानदार असते. एका पायावर पूर्ण वजन दिलं की तिचा मधला भाग बर्फाला टेकतो आणि तिथलं मेण पकड घेतं. वजन दोन्ही पायांवर वाटलं गेलं की तोच भाग उचललेला राहतो आणि स्की घसरते. ताज्या, कोरड्या बर्फावर निळं कडक मेण चालतं. कण गोल झाले की ते धरत नाही. मग ट्यूबमधलं क्लिस्टर काढायचं. चिकट, तारा सुटणारं. ते हातमोज्यांना लागतं, केसांना लागतं, गाडीच्या सीटला लागतं. हा व्याप नको म्हणून हल्ली पुष्कळजण पावलाखाली मोहेरची पट्टी बसवलेल्या स्की घेतात. मी क्लिस्टरच्याच बाजूची. गोठलेल्या कवचावर तशी पकड दुसरं काहीच देत नाही.

वेगासाठी तळाला फ्लोरिनयुक्त मेण लावायची पद्धत होती. ही द्रव्यं निसर्गात विरघळून नाहीशी होत नाहीत. बर्फाबरोबर ओढ्यात उतरतात आणि राहतात. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांत त्यांच्यावर बंदी घातली. फार आधी घालायला हवी होती.

*

माझा धाकटा भाऊ साताऱ्यात यवतेश्वरचा घाट धावतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, किती वेळात केलंस?" इथे लांब फेरीवरून आलेल्या माणसाला विचारतात, किती तास बाहेर होतास. दोन्ही प्रश्नांत वेळच विचारलेला आहे, पण एकात तो कमी असावा लागतो आणि दुसऱ्यात भरपूर. सहनशक्तीच्या सरावाचं सगळं मर्म मला या फरकात दिसतं.

नॉर्वेची स्कीपटू मारित ब्यॉर्गेन हिचं उदाहरण घेते, कारण तिच्या सरावाच्या नोंदींचा शास्त्रीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला आणि तो कुणालाही वाचता येतो. हिवाळी ऑलिंपिकची १५ पदकं, त्यांतली ८ सुवर्ण. विसाव्या वर्षी तिचा सराव वर्षाला ५२२ तास होता. सर्वांत यशस्वी पाच वर्षांत तो सरासरी ९४० तासांवर गेला. त्यातल्या सहनशक्तीच्या कामापैकी सुमारे ९२ टक्के काम हळू. छातीचा भाता करणारं जोरकस काम पाच टक्क्यांच्याही आत. जगातली सर्वांत वेगवान स्कीपटू वर्षातला बहुतेक वेळ बोलत बोलत जाता येईल अशा चालीने डोंगरात असायची. आणि तासांचा आकडा एका उडीत वाढलेला नाही, पंधरा वर्षं तो चढवत नेला आहे.

स्टीफन सायलर हा मूळचा अमेरिकन शास्त्रज्ञ नॉर्वेत स्थायिक झाला. अव्वल स्कीपटू, वल्हेकरी, धावपटू प्रत्यक्षात कसा सराव करतात ते त्याने मोजलं. खेळ वेगळे, पण ढाचा एकच निघाला: पाचांतली चार सत्रं हळू, एक खरोखर जोरकस, आणि मधल्या वेगात फारच थोडं. एक आठवण तो सांगतो. जंगलात धावणारी एक स्कीपटू चढ लागताच चालायला लागली आणि चढ संपल्यावर पुन्हा धावू लागली. दमली होती म्हणून नव्हे. त्या दिवशी हळूच राहायचं ठरलं होतं म्हणून.

हळू कामात हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं. स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली मायटोकाँड्रिया वाढतात, शरीर चरबीवर चालायला सरावतं. आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर पडता येतं. मधला वेग, ना धड हळू ना धड जोरात, दमवतो पुष्कळ आणि पदरात टाकतो थोडं. रविवारी सिंहगडावर घड्याळ लावून चढणारी मंडळी बहुतांशी याच मधल्या वेगात असतात. त्यांची जिद्द मी जवळून पाहिली आहे, आणि म्हणूनच वाटतं, यातल्या चार फेऱ्या सावकाश केल्या तर पाचवीला ही माणसं कुठल्या कुठे जातील.

भावाला माप दिलं: मनाचे श्लोक मोठ्याने म्हणता येतील एवढ्याच वेगाने घाट चढ. श्लोक मध्ये तुटला की वेग जास्त झाला. सातारकराला याहून सोपं यंत्र कुठलं देणार! पहिले काही आठवडे तो वैतागला, ओळखीचे लोक पुढे निघून जायचे. आता म्हणतो, उतरल्यावर कामावर जाताना पाय जड नसतात.

*

बिर्केबाइनर शर्यत. मार्चच्या मध्यावर रेना ते लिलेहामर, डोंगरावरून ५४ किलोमीटर. प्रत्येकाच्या पाठीवर किमान साडेतीन किलोची सॅक हवीच. हे वजन एका बाळाचं. १२०६च्या हिवाळ्यात यादवी चालू असताना राजघराण्यातल्या होकोन नावाच्या तान्ह्या मुलाला शत्रूपासून वाचवण्यासाठी दोन सैनिकांनी स्कीवरून डोंगरापलीकडे नेलं. पायांना बर्च झाडाची साल गुंडाळणाऱ्यांचा हा पक्ष, त्यावरून नाव पडलं बिर्केबाइनर. मूल वाचलं, १२१७ साली राजा झालं आणि त्याने ४६ वर्षं राज्य केलं. शर्यत १९३२पासूनची.

मला यातली व्यवहाराची बाजू आवडते. सॅकमध्ये दगड भरायचे नसतात. वाऱ्याचा कोट, कोरडे कपडे, खाणं भरायचं असतं. वर उघड्या माळावर वारा सुटला तर तेच अंगावर घालायचं. २०१४ साली वाऱ्यामुळे अख्खी शर्यत रद्द करावी लागली होती, इतका तिथला वारा खरा आहे. वाटेवरच्या शूशोएननंतर लिलेहामरपर्यंत बराचसा उतार लागतो. सगळ्यांना वाटतं तो विसाव्याचा असेल. चार-पाच तासांनंतर मांड्या थरथरत असतात, वळणावर वरचा बर्फ खरवडला जाऊन खालचा गुळगुळीत थर उघडा पडलेला असतो, आणि तिथेच माणसं पडतात. उताराचा सराव चढाइतकाच करावा.

*

स्वीडनमधली वासालोपेत, सेलेन ते मोरा ९० किलोमीटर, मार्चचा पहिला रविवार, १९२२पासून. पुढचे स्कीपटू आता पकडीचं मेण लावतच नाहीत. दोन्ही काठ्या एकदम रोवून, पोट आणि पाठ वाकवून, नव्वद किलोमीटर निव्वळ ढकलत जातात.

१९२३ साली मार्गित नुर्दिन या बाईने ही शर्यत पुरी केली. पुढच्याच वर्षी बायकांना बंदी झाली, ती १९८० पर्यंत टिकली. तेवढं अंतर बायकांना झेपत नाही, हे सिद्ध करण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. नुर्दिनने उलटं सिद्ध केलेलं होतंच. २०२५ साली ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत पहिल्यांदा बायका ५० किलोमीटर धावल्या. फ्रीडा कार्लसन जिंकली. त्याच स्पर्धेत योहानेस क्लेबोने सहाच्या सहा शर्यती जिंकल्या म्हणून त्याचंच नाव सगळीकडे झालं. पण मला विचाराल तर त्या स्पर्धेतली मोठी बातमी बायकांच्या ५० किलोमीटरची होती.

*

ईस्टरच्या आधी स्वयंसेवक डोंगरात फांद्या रोवत जातात. बर्चच्या काटक्या किंवा बांबू, ठरावीक अंतरावर, एका झोपडीपासून दुसरीपर्यंत. निरभ्र दिवशी त्यांच्याकडे लक्षही जात नाही. धुकं उतरलं की जमीन आणि आभाळ एकच पांढरं होतं, चढ की उतार तेही कळत नाही. तेव्हा एका काटकीपाशी थांबायचं, पुढची दिसेपर्यंत हलायचं नाही. काटकीच्या वाऱ्याकडच्या बाजूला बर्फाचा पंखा धरलेला असतो, दुसरी बाजू कोरडी, साल दिसते. वारा फिरला का, ते त्यावरून समजतं.

झोपड्या डेन नोर्शके तुरिस्तफोरेनिंग या संस्थेच्या. स्थापना १८६८, झोपड्या साडेपाचशेच्या वर. राखणदार नसलेल्या बहुतेक झोपड्यांना एकच किल्ली लागते आणि ती सभासदाला मिळते. आत लाकडं फोडून ठेवलेली, फडताळात डबे. खाल्लं ते लिहायचं, पैसे भरायचे, निघताना पुढच्यासाठी लाकडं फोडून पाणी भरून ठेवायचं. बघायला कुणी नसतं. इथल्या डोंगरनियमांत एक नियम वेळेत माघारी फिरण्याचा आहे, आणि त्यात लाज नाही असं स्पष्ट लिहिलेलं आहे. शाळेतल्या मुलांनाही तो तोंडपाठ असतो.

*

उतरत्या हिवाळ्यातला हिमप्रपात दुपारचा. ऊन दक्षिणेकडच्या उतारावर पडतं, पाणी थरांत मुरतं, बंध सुटतात. बर्फ सुटतो तो बहुतेक वेळा तीस अंशांहून तीव्र उतारांवर. कड्यांवर वाऱ्याने बांधलेले बर्फाचे सज्जेही याच दिवसांत कोसळतात. तेव्हा पहाटे चढायचं आणि दुपारच्या आत खाली यायचं. कोणी कितीही सुंदर दिसतंय म्हणालं तरी.

*

गुलमर्गची आठवण इथे दर मार्चला येते. काश्मिरात हिवाळ्याचे हिशेब ठरलेले आहेत: चाळीस दिवसांचं चिल्लई कलां, मग वीस दिवसांचं चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. पश्चिमी झंझावात वेळेवर आले तर बर्फ पहिल्या चाळीस दिवसांत पडतो, थंडीत मुरतो आणि टिकतो. उशिरा आले तर पडलेला लवकर वितळतो. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गची कुरणं उघडी पडली होती. २०२५ सालच्या खेलो इंडिया हिवाळी खेळांचा गुलमर्गमधला टप्पा फेब्रुवारीत व्हायचा होता. बर्फ नव्हता म्हणून तो पुढे ढकलून मार्चमध्ये घेतला. वर्षभर तयारी करून आलेल्या मुलांसाठी ते दोन-तीन आठवडे फार लांब असतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये आदल्या हिवाळ्याचा बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पसरतात. काही किलोमीटरची खाच तरी पक्की मिळते. गुलमर्गला हे जमेल का, हा प्रश्न कुणीतरी गांभीर्याने हाती घ्यावा अशी फार इच्छा आहे.

*

इथल्या स्कीपटूंचं सरावाचं वर्ष १ मे रोजी सुरू होतं. चाकांच्या स्की बाहेर निघतात, डोंगरात काठ्या घेऊन चढणं सुरू होतं. पुढच्या ईस्टरला भाऊ यायचं म्हणतोय. काय करू, असं त्याने विचारलं, म्हणून लिहून पाठवलं: आठवड्यातून एकदा काठ्या घेऊन घाट चढ, दोन तास, श्लोकांच्या वेगाने. दोनदा तासाभराचं हळू धावणं. जोर एकदाच, मंगळवारी: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं सावकाश, असं चार वेळा. दंडांसाठी जोर मार, पोटासाठी रोज थोडं काहीतरी. एका पायावर उभं राहून दात घास, तोल त्यानेच येतो. हातमोजे आणू नकोस, इथे आहेत.