एका बुंध्याचें झाड

आमच्या परसांत कागदी लिंबाचें एक झाड आहे. त्याच्या पूर्वेस शेणखताचा खड्डा, पश्चिमेस फरसबंदी. दोन वर्षांपूर्वीं पूर्वेकडील फांद्या फळांनीं लवल्या होत्या, आणि पश्चिमेकडील फांदीचीं जुनीं पानें पिवळीं पडून गळत होतीं. फांदीच रोगट, असें ठरवून मीं करवत काढली. तेव्हां आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "फांदीला दोष देण्याआधीं तिच्या मुळांना काय मिळतें, तें आपण पाहिलें का?"

मी हंसलों. बुंधा एक आहे, तेव्हां कोठेंही घातलेलें खत सर्वांना पोंचणारच, अशी माझी समजूत! संस्कृतांत वृक्षाला 'पादप' म्हणतात, म्हणजे पायांनीं पिणारा. हा शब्द मीं वर्गांत कितीदां तरी फोडून सांगितला असेल. पण कोणता पाय कोणासाठीं पितो, हा प्रश्न मला कधीं सुचला नाहीं.

वनस्पतिशास्त्राचीं पुस्तकें चाळल्यावर उलगडा झाला. मुळांनीं शोषलेलें पाणी व त्यांत विरघळलेले क्षार लांकडांतील सूक्ष्म नळ्यांतून वर चढतात. हा प्रवाह उभा सहज जातो, आडवा कष्टानें. म्हणून एका अंगाच्या मुळांचें अन्न त्यांच्याशीं जोडलेल्या फांद्यांनाच बहुधा अधिक मिळतें. सर्व वृक्षांत हें सारखें नसतें. ओक वृक्षांत ही वांटणी कडक, तर भूर्जांत प्रवाह पुष्कळ मिसळतो. नत्र अपुरें पडलें कीं झाड तें जुन्या पानांतून काढून कोंवळ्या पानांना देतें. म्हणून जुनीं पानें आधीं पिवळतात.

मीं फरशा उखडल्या, माती भुसभुशीत केली व कुजलेलें खत घातलें. पुढल्या पावसाळ्यांत त्या फांदीला हिरवी पालवी फुटली.

त्याच सुमारास मुलगी माहेरीं आली. चिरंजिवांना मीं कॉलेजांत धाडलें आणि हिची शाळा सातवींतच थांबविली. 'एकाचें शिक्षण तें साऱ्या घराचें' असें तेव्हां मी म्हणालों होतों. फांदीकडे पाहत ती एवढेंच म्हणाली, "अण्णा, फरशी काढलीत, तें बरें केलेंत."

मला उत्तर सुचलें नाहीं. तिच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च यंदापासून मीं पत्करला आहे. एवढ्यानें तिचें देणें फिटलें, असें मात्र मी मानीत नाहीं.