बागेतले दोन दिवस

होसकोटे हे एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीतले गाव. तिथल्या लाल मातीत एक निवृत्त मराठी जोडपे सुटीचे दोन्ही दिवस राबते. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या बंगळूरमध्ये बागेला पिण्याचे पाणी घालण्यास ५,००० रुपये दंड ठरला. इकडे यांची बोअरही आटली.

"अहो, ती हिरवळ काढा आता," बाई म्हणाल्या. हिरवळ तर साहेबांची लाडकी! पण रविवारी दुपारपर्यंत त्यांनीच ती उपटली. तेव्हापासून तांदूळ, भाज्या धुतलेले पाणी मोगऱ्याला आणि कढीपत्त्याला मिळते, तेही ऊन कलल्यावर. आळ्यात वाळक्या पानांचा जाड थर असतो. भर उन्हातले पाणी वाफ होऊन जाते, मुळांना काय मिळणार?

पाडव्याला मोगऱ्याला कळ्या आल्या. साहेब मात्र हिरवळीची आठवण अजून काढतात.