एका कानाचं पॉप

पॉप गाण्याची माझी व्याख्या सोपी आहे. शेजारच्या रिक्षात वाजणारं जे गाणं सिग्नल सुटेपर्यंत आपण नकळत गुणगुणायला लागतो, ते पॉप. मास्तरला ही व्याख्या अजिबात मान्य नाही. त्याच्या मते पॉप म्हणजे साडेतीन मिनिटांची इमारत. हेडफोन लावायचा, डोळे मिटायचे आणि आत फिरून बघायचं. ड्रम कुठे ठेवलेत, कोरस कुठल्या खिडकीतून येतोय, गिटार किती मागे उभी आहे वगैरे.

मास्तर हे त्याचं हॉस्टेलवरचं नाव. इंजिनीअरिंगची चार वर्षं कुणी काय ऐकावं हे तोच ठरवायचा, म्हणून मास्तर. २०१६ साली आम्ही फर्स्ट इयरला होतो आणि ‘सैराट’ आला. अख्खं हॉस्टेल ‘झिंगाट’वर नाचत होतं. हा मात्र कॉटवर बसून त्याच सिनेमातली व्हायोलिन्स ऐकत होता. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला सोनीच्या स्कोअरिंग स्टेजवर खरा ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता, हे त्यानं आम्हाला शंभर वेळा सांगितलं असेल. “नाचताय काय, ऐका की जरा!” हे त्याचं म्हणणं. “ऐकतोस काय, नाच की!” हे आमचं. पुढे नोकऱ्या लागल्या, मी पुण्यात राहिलो, तो मुंबईला गेला. भांडण व्हॉट्सअ‍ॅपवर चालू राहिलं.

मग फेब्रुवारीत त्याचा तीन शब्दांचा मेसेज आला. “उजवा कान गेला.”

आधी मला वाटलं, इअरबडबद्दल बोलतोय. पण खरंच कान गेला होता. रात्री नीट झोपला आणि सकाळी उठला तर उजवीकडून काही नाही, फक्त एक बारीक शिट्टी. याला सडन सेन्सोरीन्यूरल हिअरिंग लॉस म्हणतात. आतल्या कानाचं किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं काम अचानक बिघडतं, बहुतेक वेळा एकाच बाजूला, आणि बऱ्याचदा कारण सापडतच नाही. पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात, स्टेरॉइड लवकर सुरू करावी लागतात. मास्तर त्याच दिवशी डॉक्टरकडे गेला, सगळे उपचार वेळेवर झाले. काहींचं ऐकू येणं परत येतं. त्याचं आलं नाही.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी प्रगती एक्सप्रेसनं दादरला उतरलो. दोन दिवस मुंबई फिरायची, एवढाच प्लॅन होता. भेटल्यावर त्यानं मिठी मारली आणि लगेच फिरून माझ्या उजव्या हाताला आला, म्हणजे मी त्याच्या डाव्या कानाशी राहीन असा. पुढचे दोन दिवस तो हे करत राहिला. फुटपाथ अरुंद झाला, माणसं मध्ये आली, आमची जागा बदलली, की दहा पावलांत परत माझ्या उजवीकडे. संध्याकाळपर्यंत मीच आपोआप बाजू सांभाळायला लागलो.

फोर्टमध्ये रस्ता ओलांडताना एक हॉर्न वाजला आणि मास्तर जागच्या जागी थिजला. “हॉर्न ऐकू येतो रे,” तो म्हणाला, “कुठून येतोय ते कळत नाही.” कारण साधं आहे. उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात जरासा नंतर. फरक एका मिलिसेकंदापेक्षाही कमी, पण मेंदू तेवढ्यावर दिशा ओळखतो. शिवाय लांबच्या कानाशी तो आवाज थोडा हलकाही पोचतो. एक कान गेला की तुलना करायला दुसरं मोजमापच उरत नाही. आम्ही दोघांनी सिग्नल प्रोसेसिंगच्या पेपरसाठी हे गणित केलं होतं. त्याला बारा मार्क होते.

काळा घोड्याला र्‍हिदम हाऊससमोर थांबलो. २०१६ साली ते दुकान बंद झालं तेव्हा आम्ही मुंबईत नव्हतो, त्यामुळे तिथून कधी काही विकत घेतलेलं नाही. पण रेकॉर्ड विकत घेण्याआधी बूथमध्ये उभं राहून ऐकता यायची, ही गोष्ट मास्तरला थोरामोठ्यांकडून ऐकून पाठ होती. मग एका इराण्याकडे खिमा-पाव खाल्ला. त्यानं उजवा कान भिंतीला लागेल असं कोपऱ्यातलं टेबल पकडलं. तरीही बशा, पंखे आणि ऑर्डरींच्या गोंगाटात तो माझे ओठ बघत होता. गोंगाटातून एक आवाज निवडून काढायलाही दोन कान लागतात.

गाण्याचा विषय दिवसभर दोघांनीही टाळला. मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसल्यावर मात्र मी विचारलं, “फोनमधलं मोनो ऑडिओ चालू केलंस का?” हे सेटिंग अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत असतं, अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये. डावा आणि उजवा चॅनल मिसळून दोन्हीकडे एकच आवाज जातो. ते नसेल तर एका कानानं ऐकणाऱ्याला काही गाणी अर्धीच ऐकू येतात. बीटल्सच्या ‘रबर सोल’ची १९६५ची स्टिरिओ आवृत्ती एका कानात घालून बघा. बऱ्याच गाण्यांत गाणारे एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला आहेत.

“पहिल्याच आठवड्यात केलं,” मास्तर म्हणाला. “सगळं ऐकू येतं. पण सगळे एकाच लोकलच्या डब्यात उभे असल्यासारखे. कोण कुठे आहे कळत नाही, नुसती गर्दी.” थोड्या वेळानं म्हणाला, “सहा महिने झाले, हेडफोन लावला नाही.”

यावर द्यायला माझ्याकडे एक उदाहरण तयार होतं. बीच बॉइजचा ब्रायन विल्सन. लहानपणापासून त्याला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. १९६६ साली आलेला ‘पेट साउंड्स’ त्यानं मोनोमध्येच मिक्स केला. त्याची खरी स्टिरिओ आवृत्ती निघाली थेट १९९०च्या दशकात. पॉपच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या अल्बममध्ये त्याची गणना होते, पॉल मॅकार्टनी आजही त्याचं कौतुक करतो. म्हणजे मास्तरच्या भाषेतली सगळ्यात देखणी इमारत एका कानाच्या माणसानं बांधली होती.

मास्तरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “विल्सनला दोन कानांचं गाणं धड माहीतच नव्हतं. मला माहीत आहे.”

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं. समोर समुद्र होता, मागे गाड्या. त्याला दोन्ही एकाच ठिकाणी ऐकू येत असणार.

रविवारी दुपारी आम्ही परळला त्याच्या खोलीवर होतो. गणपतीला थोडे दिवस राहिले होते. कारखान्यांतून मोठ्या मूर्ती मंडपाकडे निघायला लागल्या होत्या. खालून बेंजोचा आवाज आला आणि मास्तर उठला. “चल, आगमन बघू.”

मी नाही म्हणालो. माझी भीती उघड होती. याच्याकडे एकच कान उरलाय आणि आवाज कान खातो. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा एक हिशोब आहे. ८५ डेसिबलला आठ तास चालतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ अर्धा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं. मी हे सांगायला लागलो तर त्यानंच वाक्य पूर्ण केलं. खिशातून फोमचा इअरप्लग काढला, डाव्या कानात नीट पिळून बसवला आणि फोनवर दहा मिनिटांचा टायमर लावला. आयुष्यभर घरात बसणार नाही, हा त्याचा निर्णय होता. आणि हिशोब त्याचा होता.

कोपऱ्यावर टेम्पो उभा होता. बेंजो, कीबोर्ड, ढोल, ताशे. आपण ज्याला बेंजो म्हणतो ते खरं तर बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं. त्याचा पूर्वज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानमध्ये निघालेलं ताइशोगोतो. तिथून ते आपल्याकडे आलं, मुंबईत त्याला वीज जोडली गेली आणि ते मिरवणुकीत शिरलं. माझ्या फोनच्या अ‍ॅपवर आकडा १०१ दिसत होता. बेंजोवाल्यानं ‘झिंगाट’ धरलं.

मास्तर नाचला. कॉलेजात चार वर्षांत नाचला नव्हता तो. फार नाही, खांदे आणि पाय, एवढंच. त्याचा एक हात टेम्पोच्या पत्र्यावर होता, ढोल तिथून हातात येत होता. टायमर थरथरला तसे आम्ही गल्लीत मागे आलो.

प्लग काढून तो म्हणाला, “हे मिक्स बरोबर आहे.” मग नेहमीचं लेक्चर सुरू झालं, सहा महिन्यांत पहिल्यांदा. रस्त्यावर डावं-उजवं करून चालत नाही. एका बाजूला उभ्या असलेल्याला अर्धंच गाणं मिळेल, म्हणून मोठ्या स्टेजचा आवाजसुद्धा बराचसा मोनोच ठेवतात. स्टिरिओचं पेटंट आहे १९३१चं, अ‍ॅलन ब्लुमलिनचं, पण त्यानंतरही कित्येक दशकं लोकांनी पॉप ऐकलं ते रेडिओच्या एका स्पीकरवर. आपल्या आईवडिलांच्या लहानपणीची बहुतेक सिनेमाची गाणीही मोनोच. “त्या सगळ्यांनी आणि मी आता सारखंच ऐकतो,” तो म्हणाला. हे तो मला सांगत होता की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

यानं त्याचा कान परत आलेला नाही. शिट्टी रात्री अजून वाजते. तो भरपाई झाल्यासारखं बोलत नाही आणि मीही तसं लिहिणार नाही. त्याच्या इमारतींच्या खोल्या गेल्या त्या गेल्या. पण पुण्याला परतल्यावर आठवड्यानं त्यानं एक प्लेलिस्ट पाठवली. मूळ मोनोतच मिक्स झालेली एक्केचाळीस गाणी. ‘पेट साउंड्स’मधली सहा, बाकी बहुतेक जुनी हिंदी आणि मराठी. खाली सूचना होती, “दोन्ही कानांनी ऐकलंस तरी चालेल, तुला फरक पडणार नाही.”

त्यात ‘झिंगाट’ नाही. विचारलं तर म्हणाला, “ते फोनवर ऐकायचं गाणंच नाही. खाली उतरायला लागतं.” नऊ वर्षं मी हेच सांगतोय. तो अजूनही हे माझं म्हणणं आहे असं मान्य करत नाही, आणि काल रात्री यावरून परत सत्तावीस मेसेजचं भांडण झालं.