डिस्कोच्या ठेक्यावर भैरवी

रेकॉर्ड प्लेअरचा तुटलेला पट्टा बदलून झाला आणि त्या शौकिनाने पहिली तबकडी लावली ती चरणजित सिंग यांची. १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेली. दहा राग आणि खाली डिस्कोचा ठेका. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या माणसाने रोलंड कंपनीची तीन वाद्ययंत्रं जुळवून ती केली. तेव्हा ती फारशी कुणी घेतली नाही.

भैरवी लागते. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र खरं तर बास गिटारची जागा भरायला काढलेलं. इथे ते सुरावरून सुरावर असं घसरतं, की मींडच वाटावी. तो सुई उचलून तेवढाच तुकडा पुन्हा लावतो. याच यंत्राच्या अशा घसरत्या सुरांवर उभं राहिलेलं अ‍ॅसिड हाऊस हे नृत्यसंगीत शिकागोत जन्मायला अजून काही वर्षं होती!

२०१०मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा बाजारात आणली आणि उतारवयात सिंग युरोपात वाजवून आले. याचा आपल्या शौकिनाला आनंद आहेच. थोडी असूयाही आहे, आता ती सगळ्यांची झाली म्हणून. असल्या शौकिनांचं हे दुखणं जुनंच.

मालकंस मात्र त्याला अजून पटलेला नाही. एवढ्या पळत्या लयीत रागाचं गांभीर्य टिकत नाही, असं त्याचं मत. मित्रांना नेमका तोच आवडतो.