उमऱ्याला कोणत्या महिन्यात जावे?

घाटाखालच्या माणसाला उन्हाचे काय सांगता? आम्ही मलकापूरचे लोक असेच म्हणत होतो. मे महिन्यात आमच्याकडे पारा 44-45 वर जातो आणि मुलांना मोठी सुटीही तेव्हाच. म्हणून पहिला उमरा मेमध्येच ठरवला. अब्बांनी तेव्हा सत्तरी ओलांडली होती.

हिशेब चुकला तो वेगळ्याच ठिकाणी. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कोण घराबाहेर पडतो? कूलरसमोर पडून राहायचे, दिवस कलला की बाहेर. तिथे मात्र जोहरसाठी हरमकडे चालत निघायचे. काबागृहाभोवतीचा पांढरा संगमरवर भर उन्हातही पायांना थंड लागतो. पण आमच्या स्वस्तातल्या हॉटेलापासून तिथपर्यंतचा रस्ता डांबरी होता. तिसऱ्या दिवशी अब्बांना चक्कर आली. पुढे जोहर आणि असर त्यांनी खोलीतच अदा केली. तक्रार नाही केली, एवढेच म्हणाले, "पुन्हा येऊ, थंडीत." ते राहून गेले. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो.

अम्मींना नेताना मग आम्ही आधी ऋतू पाहिला. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला हा भूगोल सहज कळेल. मक्का समुद्रसपाटीपासून 300 मीटरच्या आत, म्हणजे आपले घाटाखालचे मलकापूर. मदीना 600 मीटरच्या वर, म्हणजे घाटावरचे बुलढाणा. जानेवारीत मक्केत दुपारी तीसच्या आसपास तापमान असते, मदीनेत मात्र फजरला स्वेटर लागतो. मदीनेहून मक्केला जाताना पुरुष जुल-हुलैफाला एहराम बांधतात. थंडीच्या रात्री दोन न शिवलेल्या चादरींत तिथे चांगलीच हुडहुडी भरते. लांबचा विचार सोडा, 17 जून 2024 ला, हजच्या दिवसांत, मक्केत 51.8 अंश नोंदले गेले आणि त्या हजमध्ये तेराशेहून अधिक लोक दगावले. हजची तारीख आपल्या हातात नसते. उमऱ्याची असते.

मग सगळ्यांनी जानेवारीच धरावा का? तेही नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल, 2028 मध्ये जानेवारीअखेर, आणि 2030 मध्ये तर जानेवारीत एकदा आणि डिसेंबरअखेर पुन्हा. रमजानातल्या उमऱ्याचे सवाब मोठे, पण गर्दी आणि हॉटेलचे भाडेही तसेच. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या गर्दीत सई करणे सोपे नाही.

आम्ही दिवाळीच्या सुटीनंतरचा नोव्हेंबर धरला. सोयाबीनचे पैसे हाती आले होते. कापसाचा वेचा धाकट्या भावाने सांभाळला. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली, ती झालीच. मुलांची आठ दिवस शाळा बुडाली. मक्केत दुपारी ऊन होतेच, पस्तीसच्या घरात. पण छत्री घेऊन अम्मी रोज जोहरला चालत गेल्या. सहाव्या दिवशी त्यांनी अब्बांच्या नावाने उमरा केला.